जुनं बंद कधी होणार, ते आधी सांग

पत्र:

ताई, मी पिंपळे सौदागरला राहतो, वय ३७, वाहनकर्ज देणाऱ्या एका एनबीएफसीत (बँक नसलेल्या वित्तसंस्थेत) ११ वर्षं झाली. आधी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) होतो, मग रिपोर्टिंगची टीम बघितली. जूनमध्ये नवे सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) आले आणि त्यांनी मला 'लीड डेटा आर्किटेक्ट' करून टाकलं, पगार थोडा वाढला, माणूस एकही वाढला नाही. आमचं १४ वर्षं जुनं ओरॅकलचं वेअरहाउस आहे (रिपोर्टसाठी कंपनीचा सगळा डेटा गोळा होतो ते कोठार), त्यात डेटा आणून भरणारे इन्फॉर्मॅटिकाचे जॉब आहेत, वर साडेअकराशे रिपोर्ट आहेत आणि हे सगळं ३१ मार्चपर्यंत क्लाउडवर न्यायचंय. कन्सल्टंट लोकांनी ९६ स्लाइडचं डेक दिलंय, त्यात सगळं छान दिसतं. क्लाउडवरचं नवं कोठार म्हणून स्नोफ्लेक घ्यायचं की डेटाब्रिक्स यावर दोन महिने नुसत्या मीटिंगा चालल्यात. टीम माझ्या हाताखाली नाही, निर्णय माझ्या हातात नाहीत, स्टेटस मात्र मलाच विचारतात. आणि जुनं सगळं ज्यांना माहितीय ते आमचे काका (ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणतात) फेब्रुवारीत रिटायर होतायत. त्यांना केटीला (माहिती सोपवायच्या मीटिंगला) बोलावलं की येतात, बसतात, "सगळं कोडमध्ये आहे" म्हणतात आणि जातात. मी रात्री तीनला उठून बसतो. सुरुवात कुठून करू?
- झोप उडालेला

उत्तर:

ताई म्हणालास म्हणून मी सरळ अरे-तुरेवर येते, चालेल ना. तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात स्नोफ्लेक आहे, डेटाब्रिक्स आहे, काका आहेत, स्लाइडा आहेत, पण जुनं ओरॅकल नेमकं कुठल्या तारखेला बंद होणार ते कुठेच नाही. पैज लावते, त्या ९६ स्लाइडमध्येही नसेल. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर 'डीकमिशनिंग' (म्हणजे जुनं बंद करणं) असा एक फिकट चौकोन असेल, ज्याच्यापुढे कोणाचं नाव नाही.

आणि खरं काम तर तेच आहे रे. नवीन उभं करायला हल्ली काय लागतं, पैसे टाकले की क्लाउडवर दुपारपर्यंत अकाउंट चालू होतं. जुनं बंद करता यायला मात्र ते रोज रात्री काय काय करतं, कोणासाठी करतं आणि त्यातलं काय नाही केलं तरी कोणाचं अडत नाही, हे सगळं कळावं लागतं. ते कळवून घेणारा माणूस म्हणजे तू.

माझंच सांगते. २०१४ च्या सुमारास मी एका कंपनीत हेच केलं, नाव नको. नवीन वेअरहाउस वेळेत उभं केलं, केक कापला, फोटो काढले, आणि जुनं "असू दे सध्या, काही लागलं तर" म्हणून चालू ठेवलं. ते सध्या तीन वर्षं चाललं. दोन लायसन्सं, दोन एएमसी (वार्षिक देखभाल करार), रात्री आपोआप चालणाऱ्या दोन बॅच आणि दोन्ही बॅच बघणारी तीच दोन पोरं. एकदा रिव्ह्यूमध्ये सेल्सवाले जुन्यातला आकडा घेऊन आले, फायनान्सवाले नव्यातला, चालू असलेल्या खात्यांच्या संख्येत दोनशेच्या वर फरक. एमडींनी विचारलं खरा कुठला, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी शहाणपणाने म्हटलं, सर दोन्ही बरोबर आहेत, व्याख्या वेगळी आहे. पुढच्या महिन्यापासून एमडींनी ब्रँचकडून थेट एक्सेल मागवायला सुरुवात केली. म्हणजे एवढा खर्च करून आम्ही तिसरा आकडा तयार केला.

तर सुरुवात इथून कर. आधी सगळी टेबलं क्लाउडवर ओतायची, मग मॉडेल करायचं, मग रिपोर्टकडे बघू, असं आडवं काम लावू नकोस, त्यात सहा महिने जातात आणि दाखवायला काही नसतं. एक विषय घे आणि मुळापासून शेंड्यापर्यंत ने. तुमच्याकडे तर विषय समोरच पडलाय, कलेक्शन. हप्ता, बाउन्स, थकीत दिवस, आणि कलेक्शन हेड रोज सकाळी आल्या आल्या जो रिपोर्ट उघडतो तो. सोर्सपासून त्या एका रिपोर्टपर्यंत सगळं नव्यावर, आणि शेवटची पायरी म्हणजे त्याच रिपोर्टचं जुनं रूप बंद. ही पायरी झाली नाही तर तो विषय झाला असं स्टेटसमध्ये लिहायचं नाही, कितीही दबाव आला तरी.

साडेअकराशे रिपोर्टचं टेन्शन घेऊ नकोस, त्यातले बरेच मेलेले आहेत, फक्त कोणी तेरावं घातलेलं नाही. रिपोर्टिंग टूलचा वापराचा लॉग काढ, पण १५ महिन्यांचा काढ, ९० दिवसांचा नको, कारण ऑडिटर एप्रिल-मेमध्ये एकदाच मागतो तो रिपोर्ट ९० दिवसांत मेलेलाच दिसतो आणि मग पुढच्या एप्रिलमध्ये तुझ्या नावाने शंख होतो. आणि नुसतं 'चालला' एवढंच बघू नकोस, कोणाला जातो ते पण बघ. शेड्यूल लावलेले कितीतरी रिपोर्ट रोज पहाटे इमानेइतबारे चालतात आणि कधीच कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्सवर जाऊन आपटतात. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची बोंब चाचणी कर, म्हणजे शेड्यूल गुपचूप थांबव आणि दोन महिने कोण बोंबलतंय बघ. फक्त आरबीआयला, क्रेडिट ब्युरोला किंवा लेंडर बँकांना जाणाऱ्या कशावरही हा खेळ करायचा नाही, तिथली बोंब वेगळी असते.

आता काका. काका खोटं बोलत नाहीयेत, सगळं कोडमध्ये आहेच. पण कोड काय करतो ते सांगतो, का करतो ते नाही सांगत. मी दुसऱ्या एका ठिकाणी होते, तिथे चार हजार ओळींच्या प्रोसिजरमध्ये मध्येच एक अट होती, काही ब्रँच कोड आणि एक फ्लॅग (खूण), 'पी'. असा फ्लॅग असेल तर थकीत दिवस वेगळ्या तारखेपासून मोजायचे. आमच्या एका हुशार पोराने नव्या मॉडेलमध्ये त्या कॉलमला सरळ 'प्रायॉरिटी' नाव देऊन टाकलं, डॉक्युमेंटेशनही लिहिलं, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, माझ्यासकट. मग एकदा चहाला तिथल्या काकांसमोर विषय निघाला तर ते हसायलाच लागले. म्हणे पी म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, तिथल्या ब्रँचच्या खात्यांना हप्त्याच्या तारखा पुढे दिल्या होत्या, आणि घाईत रात्री बसून त्यांनीच ते घातलं होतं. हे कुठल्या केटीत कळणार होतं?

तुझ्या काकांचं पण बघ ना. त्यांनी १४ वर्षं रात्री-अपरात्री फोन घेऊन जे चालवलं त्याला कोणीतरी टाउनहॉलमध्ये माइकवर लिगसी म्हटलं असणार, अडगळ म्हणावं तसं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच कॅलेंडर इन्व्हाइट, 'नॉलेज ट्रान्सफर सेशन १ ऑफ १२', रेकॉर्डिंग ऑन. मीपण गप्प बसले असते. इन्व्हाइट पाठवणं बंद कर. ११ च्या चहाला त्यांच्या डेस्कवर जा, एकच रिपोर्ट उघड आणि एकच आकडा विचार, काका हा ४१२ कुठून आला. वहीत लिही, आणि संध्याकाळी त्यांना मेल टाक, मी असं समजलो, बरोबर आहे का. थोडं चुकीचं लिहिलंस तरी हरकत नाही, उलट बरंच, कारण शिकवायला बसवलं की माणूस आखडतो पण दुसऱ्याची चूक दिसली की त्याला राहवत नाही, तीन पानी उत्तर येईल बघ. आणि मुख्य म्हणजे त्यांना काहीतरी अधिकार दे. जुन्या-नव्या आकड्यांत जो फरक निघेल त्यावर निकाल द्यायचं काम काकांचं, हे सीटीओंकडून सगळ्यांसमोर बोलून घे. फेब्रुवारीनंतरही सहा महिने आठवड्यातून दोन दिवस यायला त्यांना कॉन्ट्रॅक्ट द्या म्हणून आत्ताच एचआरच्या मागे लाग, त्या कन्सल्टंटच्या बिलापुढे ही रक्कम म्हणजे चहापाणी आहे.

आकडे जुळवण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथेच सगळे आपटतात. दोन्हीकडे सारखंच आलं पाहिजे असं नुसतं म्हणून चालत नाही, किती फरक चालेल ते चालवायच्या आधी ठरव आणि फायनान्सची सही घे. मुद्दल-व्याजाच्या रकमेत पैशाचाही फरक नको, बाकी ठिकाणी ठरवा काय ते. मग जो फरक येईल तो तीन प्रकारचा असतो, जुनं चुकलं, नवं चुकलं, किंवा दोघं वेगळं काहीतरी मोजतायत. जुनं चुकलेलं निघतं बरं का, आणि बऱ्याचदा निघतं, तेव्हा वरच्यांना सांगायची तयारी ठेव की गेली सहा वर्षं आपण हा आकडा चुकीचा दाखवत होतो. अवघड मीटिंग असते ती.

तुमच्यासाठी एक तयार परीक्षा सांगते. आरबीआयने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात उदाहरणच दिलंय, हप्त्याची तारीख ३१ मार्च २०२१, त्या दिवशीची डे-एन्ड (दिवसअखेरची प्रक्रिया) चालेपर्यंत पूर्ण पैसे आले नाहीत, तर थकीत तारीख ३१ मार्चच, आणि सतत थकीत राहिलं तर खातं ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मेला एसएमए-२ (हे दोन्ही थकत चाललेल्या खात्याचे इशाऱ्याचे टप्पे) आणि २९ जूनला एनपीए (अनुत्पादक कर्ज). हे एक खातं नव्या पाइपलाइनमधून चालव. ३० जून आलं तर कोणीतरी मोजायला एक दिवस उशिरा सुरुवात केलीय, आणि तो एक दिवस अख्ख्या पोर्टफोलिओवर पसरलेला असणार. मग दुसरं खातं चालव, ज्याने एनपीए झाल्यावर अर्धीच थकबाकी भरली, ते स्टँडर्ड (नियमित) झालं तर पुन्हा चूक, कारण त्याच परिपत्रकाप्रमाणे पूर्ण थकबाकी आल्याशिवाय वर जाता येत नाही. तिसरं खातं मोरॅटोरियमचं (कोविडमधल्या हप्ते-स्थगितीचं), १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० वालं, त्यात कुठले दिवस मोजायचे नाहीत ते काकांनी कुठेतरी ठिगळ लावून ठेवलेलं असणार, शोधा. अशी तीस-चाळीस खाती हाताने निवडा, प्रत्येकाचं उत्तर आधी कागदावर काढा. लाखो ओळींच्या बेरजा जुळल्या म्हणून खुश होणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज मस्त जुळते.

बारीक खोड्या तर विचारूच नको. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग (काहीच न लिहिलेला मजकूर) म्हणजेच नल (माहितीच नाही), बाकी बहुतेक ठिकाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे नव्यावर गेल्या गेल्या 'मोबाइल नंबर असलेले ग्राहक' एका रात्रीत वाढतात आणि मार्केटिंग खुश होतं. स्नोफ्लेक घेतलंत तर पहिल्याच दिवशी टाइमझोन बदला, डिफॉल्ट लॉस एंजेलिसचा असतो, नाहीतर आजची तारीख विचारली की दुपारी साडेबारापर्यंत कालची येते, आणि थंडीत दीडपर्यंत. डेटाब्रिक्सवर साधारण यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असतो, म्हणजे १ एप्रिलला पहाटे साडेपाचच्या आत झालेला व्यवहार ३१ मार्चला जाऊन पडतो, अख्खं आर्थिक वर्ष बदललं की रे. आणि मराठी नावं असतील तर वेगळीच गंमत. जुन्या ब्रँचमध्ये श्रीलिपीत टाइप केलेलं काही उरलं असेल तर ते युनिकोड नाहीच, आधी बदलून घ्यावं लागतं. युनिकोडमध्येही कऱ्हाडे किंवा कुऱ्हाडे मधला तो अर्धा र दोन पद्धतीने लिहिता येतो, स्क्रीनवर अगदी एकसारखा, आत वेगळा, त्यामुळे जॉइन (दोन टेबलांची जुळणी) लागत नाही आणि एकाच घरातले बापलेक दोन वेगळ्या आडनावांचे होतात. मी यावर दोन दिवस घालवलेत. नावावरून जॉइन का लावत होते विचारू नकोस.

स्नोफ्लेक की डेटाब्रिक्स? कुठलंही घ्या. खरंच. तुमच्या साइजला दोन्ही पुरून उरतील, तुमच्या टीमला एसक्यूएल येतं की पायथन हे बघा आणि संपवा. फक्त डेटा खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा आग्रह धर, आइसबर्ग वगैरे. २०२४ मध्ये डेटाब्रिक्सने आइसबर्ग ज्यांनी सुरू केलं त्यांचीच टॅब्युलर नावाची कंपनी विकत घेतली आणि स्नोफ्लेकही आइसबर्ग वाचतं-लिहितं, म्हणजे उद्या बदलावंसं वाटलं तर निदान डेटा अडकून पडत नाही. बिलाचं मात्र बघ. स्नोफ्लेकचं वेअरहाउस (तिथे याचा अर्थ क्वेरी चालवणारं इंजिन) सेकंदावर पैसे घेतं, प्रत्येक वेळी चालू झालं की कमीत कमी ६० सेकंदांचे. कोणी हौशी माणसाने डॅशबोर्ड दर पाच मिनिटांनी रिफ्रेश लावला आणि रिकामं असताना झोपायची वेळ दहा मिनिटांवर ठेवली की ते झोपतच नाही, आख्खी दिवाळीची सुट्टी मीटर चालू.

तुझ्याकडे अधिकार नाहीत म्हणालास. कोणाकडेच नसतात रे, आर्किटेक्टला तर नाहीच. मी एक करायचे, प्रत्येक निर्णयाचं एक पान. काय ठरलं, कोणी ठरवलं, दुसरं काय करता आलं असतं आणि ते का नाही केलं. 'चालू ग्राहक म्हणजे काय' याचंसुद्धा पान, खाली सेल्स हेड आणि फायनान्स हेड दोघांची नावं. पाठवून द्यायचं, शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर हेच पक्कं धरतो असं लिहून. स्वतःचं नाव दिसलं की माणूस मेल उघडतो, एरवी तुझं सुंदर आर्किटेक्चर डायग्राम कोणी बघत नाही.

आणि व्हेंडर "रेडी आहे" म्हणाला तर ते तसंच वर ढकलू नकोस. इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांवर ग्राहक जवळजवळ एकाच वीकेंडला नव्या सिस्टीमवर हलवले, लोकांना आपलीच खाती उघडता येईनात, बँकेला २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड बसला. ते कोअर बँकिंगचं होतं, तुमच्याहून खूप मोठं, मान्य. पण एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सीआयओला (आयटी प्रमुखाला) वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड झाला तो मुख्यतः एवढ्यासाठी, की पुरवठादार खरंच तयार आहे का याची नीट खातरजमा त्यांनी केली नव्हती. हे मी माझ्या टीमला दर वर्षी सांगते.

३१ मार्चचा कटओव्हर (जुन्यावरून नव्यावर उडी मारायचा दिवस) ज्याने ठरवला त्याने एनबीएफसीचं इयर-एन्ड कधी आतून पाहिलेलं नाही. पण सीटीओंना "जमणार नाही" म्हणून जाऊ नकोस, कॅलेंडर घेऊन जा. डिसेंबरची तिमाही दोन्हीकडे चालवू, जानेवारीची महिनाअखेर पण, कलेक्शन फेब्रुवारीच्या मध्यावर जुन्यावरून कायमचं काढू, मार्च-एप्रिलमध्ये कशालाही हात लावायचा नाही, बाकीचे विषय ऑडिट संपल्यावर. त्यांनाही बोर्डासमोर काहीतरी दाखवायचंय, एक विषय खरोखर बंद झालेला दाखवता येईल. कंप्लायन्सला पण आत्ताच घे सोबत, आरबीआयचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यात क्लाउड आलं, ऑडिटचा हक्क आला, बाहेर कसं पडणार त्याचा प्लॅनही आला. जानेवारीत त्यांना कळलं तर ते जानेवारीत थांबवतील. आणि टेस्टिंगला खऱ्या ग्राहकांचे आधार-मोबाइल कॉपी करून ठेवलेत का ते बघ जरा, बहुतेक ठेवलेच असतील.

रात्री तीनला उठतोस त्याचं काय सांगू, मी पण उठायचे, बॅच बघायला उठतेय असं सांगून. कमी झालं ते एका तारखेने, म्हणून उद्या एकच काम कर. प्रोक्युअरमेंटमध्ये जा आणि विचार, ओरॅकलच्या सपोर्टचं रिन्यूअल कधी आहे, ज्या सर्व्हरवर ते बसलंय त्याची एएमसी कधी संपते, आणि नको असेल तर किती दिवस आधी लेखी कळवायचं असतं. तुझी खरी डेडलाइन ती आहे, मार्च नाही. आमच्याकडे ती नोटीस नऊ दिवस उशिरा गेली होती, आणि बंद केलेल्या वेअरहाउसचे अख्ख्या वर्षाचे पैसे भरावे लागले.